लग्नाच्या कामांना माणसं कशी निवडलीत? – अनुभव धागा

तुळशीची लग्नं लागली की घराघरांत तारखा निघायला लागतात. तारीख निघाली की पहिला प्रश्न 'कार्यालय कितीला पडतंय?' आणि त्यामागोमाग केटरर, मांडव, फोटो, मेकअप, मेंदी, बँड, वऱ्हाडाची गाडी. सगळीकडे आकडे विचारले जातात, वहीत तीन-तीन दर लिहिले जातात आणि सगळ्यांत कमी आकड्याभोवती गोल होतो. माझ्या मते घोळाची सुरुवात तिथेच होते. कमी दर घेणारा प्रत्येक जण वाईट असतो असं मुळीच नाही. पण फजिती झालीच, तर पैसे परत घेऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा अक्षता टाकता येत नाहीत.

घरातली कार्यं निभावता निभावता मला एक सवय लागली आहे. दराचं बोलणं काढायच्या आधी मी विचारते, 'आमच्या दिवशी प्रत्यक्ष कोण येणार? आणि ऐन वेळी त्याला जमलं नाही तर कोण?' ज्याला या प्रश्नाचा राग येतो, त्याच्याशी पुढचं बोलणं करत नाही.

या हंगामात ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांना उपयोग व्हावा म्हणून हा धागा काढते आहे. गाव आणि तुमचं नातं सांगा, काय विचारलंत, काय बघितलंत, काय घडलं ते सविस्तर लिहा. ज्याच्याकडून त्रास झाला त्याचं नाव कृपया लिहू नका. हा व्यवसाय करणाऱ्यांनीही जरूर लिहावं, तुमची बाजू आम्हाला कळत नाही.

वधूची आई, सातारा

आम्ही केटररचं जेवण चाखायला गेलोच नाही. चाखायला दिलेलं जेवण चांगलंच असतं, दहा माणसांचा स्वयंपाक कोणीही नीट करतो. त्याऐवजी ज्या दोघांवर मन होतं त्यांना सांगितलं, तुमचं काम चालू असेल अशा एखाद्या लग्नात सकाळी फक्त भटारखान्यात येऊन जाते, चालेल का? एकाने 'ताई, त्या पार्टीला आवडणार नाही' म्हणून टाळलं. दुसरे म्हणाले, 'कधीही या, फक्त आठच्या आत या.'

गेले. फरशी धुतलेली, एका कोपऱ्यात निळे गॅस सिलिंडर ओळीने. हे मुद्दाम लिहिते, कारण निळा म्हणजे १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर. लाल घरगुती सिलिंडर लग्नाच्या कामाला वापरायला परवानगी नाही. तिथे पैसे वाचवणारा आणखी कुठे कुठे वाचवत असेल, असं माझ्या मनात येतं. आचारी मसालेभाताच्या फोडणीला उभे होते आणि एक मुलगा फक्त कोथिंबीर निवडत होता, सडकी पानं बाजूला काढत. मालक स्वतः कोपऱ्यात बसून काजू मोजून देत होते. मला तेवढं पुरलं.

दर ताटाला ८० रुपयांनी जास्त होता. यजमानांना पटायला वेळ लागला. लग्नादिवशी मुलाकडची एक बस जास्तीची आली. केटररनी मला काही विचारलं नाही, धावपळ केली नाही, शेवटच्या पंगतीलाही जिलेबी गरम होती. मला हे नंतर कळलं, तेही विहीणबाईंकडून.

केटरर, सांगली

वडिलांपासून हाच धंदा आहे. इथे विचारलंय म्हणून आतली गोष्ट सांगतो. सगळ्यांनी वाचावी.

समजा ५०० पानांचं काम आहे. मी ३२० सांगितले आणि पार्टी २६० वर अडून बसली. ताटामागे ६० म्हणजे ३० हजार रुपये. आता हे ३० हजार कुठून तरी निघणारच. कांदा, डाळ, गॅस मला कोणी स्वस्त देत नाही. तर मग काय होतं? पहिली कात्री वाढप्यांना लागते. पंगतीला २५ पानांमागे दोन वाढपी लागतात, तिथे एक येतो. तोही रोजचा नाही, सकाळी नाक्यावरून उचललेला. त्या बिचाऱ्याला मीठ कुठे वाढायचं आणि कोशिंबीर कुठे, हेही माहीत नसतं. पंगतीत 'भात आला नाही, वरण आलं नाही' अशी जी ओरड ऐकता, ती बहुतेक वेळा स्वयंपाकाची नसते, माणसांची असते.

दुसरी कात्री मालाला. तुपाच्या जागी वनस्पती. पनीरच्या जागी ते तेलापासून केलेलं ॲनालॉग, दिसायला तसंच, तोंडात रबरासारखं. बासुंदी आटवायची नाही, पावडर टाकून दाट करायची. मठ्ठ्यात कुठला बर्फ पडतोय ते तर कोणी विचारतच नाही. खाण्यासाठी नसलेल्या बर्फाला निळा रंग घालायचा, असा नियम महाराष्ट्रात आहे, तो याचसाठी.

तिसरी कात्री मोजणीला. ५०० सांगितले की प्रामाणिक केटरर साडेपाचशेची तयारी ठेवतो. पडेल दरातला माणूस सव्वाचारशेची ठेवतो आणि 'सगळे थोडेच येतात' या भरवशावर चालतो. मग मुलीचे मामा, काका शेवटी जेवायला बसतात तेव्हा पुरी आणि पापडच शिल्लक असतात.

तुमचं बजेट खरंच २६० चं असेल तर दर पाडू नका, पदार्थ पाडा. दोन गोडांऐवजी एक गोड ठेवा. सूप, चाट, चायनीजचे काउंटर काढून टाका. साधं वरण-भात-तूप, बटाट्याची भाजी, अळूचं फदफदं, मसालेभात, जिलेबी, मठ्ठा. माझ्यासारखा माणूस हे आनंदाने करेल आणि पाहुणे नाव काढतील. असं कोणी समोर बसून बोललं की आम्हालाही काम करावंसं वाटतं.

आणि हे विचारून घ्या: अन्नसुरक्षा परवान्याचा १४ आकडी नंबर, पानं कशी मोजणार (उचललेल्या ताटांवर की कुपनावर), उरलेलं अन्न कोणाचं, मुहूर्त दुपारचा असून वरात दोन तास लांबली तर काय. शेवटच्या प्रश्नाला जो लगेच उत्तर देतो त्याने भरपूर लग्नं केलेली असतात.

वराचा धाकटा भाऊ, नाशिक

फोटोचं लिहितो. वडिलांच्या ओळखीत एकाने दोन दिवसांचं पूर्ण पॅकेज इतरांच्या जवळपास निम्म्यात दिलं. अल्बम दाखवला तो अप्रतिम होता. लग्नाच्या सकाळी मात्र तो आलाच नाही, दोन कॉलेजची मुलं आली. मुलं गरीब, कष्टाळू होती, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. त्यांना आमच्यातलं कोण कोण आहे हेही कोणी सांगितलं नव्हतं. आजीचा एकही नीट फोटो नाही. महिनाभराने निरोप आला की कॅमेऱ्याचं एक कार्ड खराब झालं आणि हळद आणि सीमांतपूजन गेलं. पैसे परत देतो म्हणाले, थोडे दिलेही. आई अजून त्या फोल्डरमध्ये काही राहून गेलंय का ते बघायला सांगते.

फोटोग्राफर, कोल्हापूर

वरचं वाचून वाईट वाटलं. हे आमच्या धंद्यात फार होतं आणि दाट लग्नतिथीला तर सर्रास. एका स्टुडिओकडे एकाच दिवशी चार-पाच ऑर्डरी असतात, मालक एका ठिकाणी जातो, बाकीकडे रोजंदारीवर मुलं पाठवतो. यात फसवणूक असतेच असं नाही. पण ग्राहकाला आधी सांगायला हवं. म्हणून करारात कॅमेरामनचं नाव लिहून घ्या. नुसतं 'दोन फोटोग्राफर, एक व्हिडिओग्राफर' नको.

अल्बम दाखवला तर तो पाच-सहा लग्नांतले निवडक फोटो असलेला असतो. तुम्ही एकाच लग्नाचे सगळे फोटो मागा, सकाळच्या हळदीपासून पाठवणीपर्यंत. त्यातही कार्यालयाच्या आतले, संध्याकाळचे, ट्यूबलाइटखालचे बघा. उन्हात सगळेच चांगले काढतात.

कार्ड खराब होणं खरोखर होतं, ते माझ्या हातात नाही. पण हल्लीच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत दोन कार्डं बसतात आणि फोटो एकाच वेळी दोन्हींवर जातो. आम्ही कार्यालय सोडायच्या आधी लॅपटॉपवर उतरवतो आणि हार्ड डिस्क वेगळ्या गाडीतून नेतो. ही पद्धत विचारा. ज्याच्याकडे पद्धत आहे तो दोन वाक्यांत सांगेल. हे सगळं करायला पैसा लागतो, जास्तीचा माणूस लागतो, म्हणूनच तो निम्म्या दरात बसत नाही.

आणखी एक: शेवटचा हप्ता अल्बम हातात आल्यावरच द्या. चांगला फोटोग्राफर त्याला हरकत घेत नाही.

वधूची बहीण, नागपूर

आमच्याकडे बिछायत केंद्रवाल्याचं असं की सामान उतरवताना मोजणी नाही आणि परत नेताना मात्र काटेकोर. गाद्या, लोड, पातेली, ग्लास, सगळ्याचं 'कमी भरलं' म्हणून बिल. म्हणून बहिणीच्या लग्नाला बाबांनी अशा माणसाला काम दिलं जो उतरवतानाच दोन प्रतींत यादी लिहून सही घेतो. भाडं थोडं जास्त. शेवटी दोन ग्लास आणि एक डवली कमी भरली, तेवढेच पैसे घेतले.

वधूपिता, पनवेल

मे २०२५ मधलं लग्न, लॉनवर. त्या मे महिन्यात काय पाऊस झाला ते सगळ्यांना आठवत असेल. महिना संपायच्या आत मान्सूनच येऊन धडकला, मुंबईत २६ तारखेला. आम्ही तारीख धरली तेव्हा हे कोणाच्या स्वप्नातही नव्हतं.

मांडववाले तीन बघितले होते. ज्यांना काम दिलं त्यांचा आकडा सर्वांत कमी आकड्यापेक्षा सत्तर हजारांनी वर होता. का, तर त्यांनी जेवणाच्या जागेवर आणि स्टेजवर वॉटरप्रूफ छत धरलं होतं आणि जेवणाच्या जागेखाली लाकडी प्लॅटफॉर्म. मी म्हटलं, मे महिन्यात कशाला? ते म्हणाले, 'साहेब, वळवाचं काही सांगता येत नाही. तुम्हाला नको असेल तर काढतो, पण मग पाऊस आला तर मला फोन करू नका, मी काही करू शकणार नाही.' इतकं सरळ बोलणं ऐकून आम्ही ते ठेवलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारपासून कोसळायला लागला. मालक रेनकोट घालून स्वतः आले. आधी जमिनीचा उतार बघितला आणि माणसं लावून मांडवाच्या मागच्या बाजूने चर खणून घेतला. जमिनीवरून गेलेल्या सगळ्या वायरी उचलून बांबूवर बांधल्या. जनरेटर विटांवर चढवला. इलेक्ट्रिशियनला मुख्य बोर्डावरचा, विजेची गळती झाली की लाइट बंद करणारा स्विच माझ्यासमोर दाबून दाखवायला लावला, खटकन लाइट गेले, पुन्हा चालू केले. 'हा पडला तर कोणी हात लावायचा नाही, मला बोलवायचं,' असं त्यांनी आमच्या पोरांना बजावलं. ओल्या जमिनीवर सातशे माणसं वावरणार, त्यात लहान मुलं. या एका गोष्टीसाठी मी त्यांना दुप्पट दिले असते.

शेजारच्या लॉनवर त्याच दिवशी कार्य होतं. तिथे कापडी छत. पाणी साचून छताला झोळ्या झाल्या होत्या आणि त्यांच्या घरचेच दोघे-तिघे बांबूने छत खालून वर ढकलत होते, पाणी भसकन बाजूच्या खुर्च्यांवर पडत होतं. नवरदेवाच्या मुंडावळ्या भिजलेल्या. आमच्या मांडववाल्यांनी आमचं काम आटोपल्यावर ताडपत्री आणि दोन माणसं तिकडे पाठवली. पैसे घेतले की नाही ते मला माहीत नाही.

मावशी, ठाणे

मेंदीचं कोणी लिहिलं नाही म्हणून. भाचीच्या लग्नात मुलींना मेंदी काढायला दोघी आल्या होत्या, हाताला अगदी किरकोळ दर. 'तासात काळाभोर रंग' असं सांगत होत्या. दुसऱ्या दिवशी माझ्या लेकीच्या हातावर नक्षीच्या रेघांवर फोड. त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं की खरी मेंदी काळी नसतेच. ती आधी नारिंगी दिसते आणि एक-दोन दिवसांत गडद तांबूस होते. लगेच काळा रंग यावा म्हणून केस रंगवण्याचं पीपीडी नावाचं रसायन मिसळतात, त्याने काहींची कातडी भाजते. लेक बरी झाली, पण नवरीच्या हातावर हे झालं असतं तर?

तेव्हापासून आम्ही जिला बोलावतो ती स्वतः पावडर भिजवून कोन करते, आदल्या आठवड्यात मनगटाला ठिपका लावून बघते. नवरीच्या हातांचे तिचे पैसे जास्त आहेत. द्यावेत.

वधूचे काका, लातूर

वऱ्हाड न्यायला खासगी बस बघितली होती, एसटीपेक्षा नऊ हजारांनी स्वस्त. पुतण्याने गाडीचा नंबर सरकारच्या एमपरिवहन ॲपवर टाकून बघितला तर गाडीच्या फिटनेस प्रमाणपत्राची मुदत संपलेली. बसमालक म्हणाला, 'कागद चालू आहेत हो, होऊन जाईल.' रात्रीचा प्रवास, पन्नास माणसं, त्यात म्हातारीकोतारी आणि बाळंतीण. आम्ही सरळ आगारात जाऊन प्रासंगिक करारावर एसटी घेतली. अनामत भरावी लागते, किलोमीटर आणि थांबा धरून हिशेब होतो आणि पावती मिळते. जाताना वाटेत गाडीचं काहीतरी बिघडलं. चालकाने जवळच्या आगाराला फोन लावला आणि तिथून दुसरी गाडी आली. उशीर झाला, पण मुहूर्त गाठला. रस्त्यात खासगी गाडी अशी बंद पडली असती तर आम्ही कोणाला फोन लावणार होतो?

ग्रामीण भागात अजूनही टेम्पोत, ट्रॅक्टर-ट्रॉलीत वऱ्हाड बसवतात. मालवाहू गाडीत माणसं बसवणं कायद्याने बंद आहे आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. दोन-चार हजारांसाठी हे करू नका, हात जोडून सांगतो.

वराची आई, कुडाळ

सगळे जास्त पैसे दिल्याचं लिहितायत, माझा अनुभव वेगळा आहे. आमच्या लेकाच्या लग्नात जेवण बाजूच्या वाडीतल्या बचत गटाच्या बायकांनी केलं. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, सोलकढी, खीर. दर शहरातल्या केटररपेक्षा कितीतरी कमी. तरी मला रात्री शांत झोप लागली, कारण त्या बायका मला माहीत होत्या, त्यांचे वडे मी गणपतीपासून खाते आहे.

आधी आम्ही साडेतीनशे माणसं म्हटलं होतं. गटाच्या अध्यक्षबाईंनी स्वच्छ सांगितलं, 'अडीचशेच्या वर आमका झेपाचा नाय, वायट होतला.' मग आम्ही गावजेवण वेगळ्या दिवशी ठेवलं. लग्नाच्या चार दिवस आधी त्यांच्यातली एक बाई आजारी पडली, तर अध्यक्षबाई स्वतः घरी येऊन 'तिच्या जाग्यार हिची जाव येतली' असं सांगून गेल्या. मला विचारावं लागलं नाही. झेपत नाही तिथे नाही म्हणणारं माणूस मिळालं तर दर कमी असला तरी खुशाल काम द्या.

(धागाकर्ती)

कुडाळच्या ताई, अगदी मनातलं लिहिलंत. स्वस्त म्हणून नको असं माझं म्हणणं नाहीच. त्या माणसाला आपलं काम किती आहे हे कळलंय का, एवढंच बघायचं. तुमच्या अध्यक्षबाईंना ते नेमकं कळलं होतं.

वराची बहीण, दादर

आणि महाग म्हणजे भरवशाचं असंही नाही. आम्ही सगळं एका इव्हेंट कंपनीकडे दिलं, घसघशीत पैसे मोजून, कारण डोक्याला ताप नको. प्रत्यक्षात त्यांनी फुलं एकाला, लाइट दुसऱ्याला, पाहुण्यांच्या गाड्या तिसऱ्याला देऊन टाकल्या होत्या. स्टेजवरची फुलं दुपारी माना टाकून बसली तेव्हा फुलवाला म्हणाला, मला एसी हॉल सांगितला होता. हॉलवाले म्हणाले, एसीची वेळ चारपासून लिहिली आहे. कंपनीची मुलगी फोनवर फक्त 'सर येतायत' म्हणत होती. सर आले रिसेप्शनला. मोठं नाव आणि गुळगुळीत ऑफिस बघून भुलू नये, खाली काम कोण करणार आहे ते नावानिशी विचारावं.

वधू, सध्या न्यू जर्सी

लग्न पुण्यात, मी इथे. सगळं व्हिडिओ कॉलवर ठरवलं. डेकोरेटर निवडताना मी सजवलेले रील बघायचं बंद केलं आणि प्रत्येकाला सांगितलं, गेल्या आठवड्यात केलेल्या कामाचं मोबाइलवर काढलेलं, न कापलेलं चित्रण पाठवा, पाहुणे आलेले असतानाचं. तिघांनी पाठवलंच नाही. एकाने पाठवलं त्यात एका कोपऱ्यातला पडदा सुटलेला दिसत होता आणि त्याचा माणूस शिडीवर चढून तो नीट करत होता. त्यालाच काम दिलं. चूक होणारच, ती झाल्यावर तिथे कोणी हजर आहे का हे मला बघायचं होतं.

मेकअप आर्टिस्टकडे मी वर्षभरापूर्वी लग्न झालेल्या मुलींशी बोलू द्या असं म्हटलं. महिन्याभरापूर्वीच्या मुली अजून आनंदात असतात, सगळं छानच सांगतात.

कार्यालयाचा अनुभव, सोलापूर

२०२१ च्या एप्रिलमध्ये आमच्या मुलाचं लग्न होतं. २२ एप्रिलपासून राज्यात कडक नियम लागू झाले: लग्नाला २५ माणसं, दोन तासांत आटपायचं, नियम मोडला तर ५० हजार दंड. आमची ६०० माणसांची पत्रिका छापून झालेली. आम्ही जे कार्यालय घेतलं होतं ते गावातल्या नव्या चकचकीत हॉलपेक्षा महाग आणि दिसायला जुनं. पण पावतीच्या मागे बारीक अक्षरांत नव्हे, ठळक लिहिलेलं होतं: सरकारी आदेशाने कार्य रद्द झाल्यास तारीख बदलून मिळेल किंवा साफसफाईचा खर्च वजा जाता अनामत परत. मालकांना फोन केला, त्यांनी पावती बघायलाही मागितली नाही. आम्ही घरीच २५ जणांत लग्न उरकलं आणि पैसे आठवड्यात परत आले. नव्या हॉलमध्ये पैसे अडकलेली आमच्या ओळखीची कुटुंबं पुढे कितीतरी दिवस हेलपाटे घालत होती.

वराचा मित्र, फोंडा

गोव्यात दोन डीजेंचे दर आले. स्वस्तवाला म्हणाला, रात्री दहानंतरचं मी बघून घेतो. दुसरा म्हणाला, उघड्यावर दहाला बंद म्हणजे बंद, त्यानंतर नाचायचं असेल तर बंद हॉल घ्या. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत तसंच आहे. 'मी बघून घेतो' म्हणणाऱ्याला नमस्कार केला. पोलीस आले तर नवरदेवाचे वडील पुढे होणार, डीजे नाही.

ग्राहक चळवळीतला कार्यकर्ता, डोंबिवली

लग्नाच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या बहुतेकांकडे कागद नसतो. विसार रोख दिलेला, बोलणं फोनवर झालेलं. मग आम्हालाही फार काही करता येत नाही.

साधा एक पानाचा कागद पुरतो. तारीख, जागा, वेळ, काय देणार, कोण येणार, एकूण रक्कम जीएसटी धरून की सोडून (फोटोग्राफी आणि सजावटीवर नोंदणीकृत व्यावसायिकाला १८ टक्के लावावा लागतो, तो शेवटी अचानक बिलात दिसतो), हप्ते कधी, रद्द झालं तर काय. दोघांच्या सह्या. पैसे शक्यतो यूपीआयने द्या आणि कशाचे ते तिथेच लिहा. व्हॉट्सॲपवरचं बोलणं पुसू नका, ते पुरावा म्हणून दाखल करता येतं.

तरीही सेवा मिळाली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी नोंदवा, पुष्कळ प्रकरणं तिथेच मिटतात. नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, मुदत दोन वर्षं. लग्नाचे फोटो किंवा व्हिडिओ दिले नाहीत म्हणून भरपाईचे आदेश आयोगांनी दिलेले आहेत. पण वर नाशिकच्या दादांच्या आजीचा फोटो कुठल्याच आदेशाने परत येत नाही, म्हणून मी लोकांना सांगतो की तक्रारीची ताकद निवडीत खर्च करा.

वधूचा भाऊ, अहिल्यानगर

छोटीशी भर. बँडची सुपारी देताना त्या दिवशी तुमच्या आधी कोणाची वरात आहे ते विचारा. आधीची वरात लांबली की आपली लटकते. आम्ही दिवसाची पहिली वेळ घेतली, दोन हजार जास्त दिले आणि बँड आमच्या आधी दारात उभा होता. गुरुजींचंही तसंच, एका दिवसात दोन मुहूर्त घेतलेत का ते विचारायला संकोच करू नका.

वधू, जळगाव

माझं लग्न फेब्रुवारीत आहे. केटरर चांगला वाटतोय, सगळ्यांनी लिहिलेले प्रश्न विचारले, उत्तरं नीट दिली. पण तो ७० टक्के आगाऊ मागतोय. द्यावेत का?

केटरर, सांगली

ताई, ७० फार झाले. आम्ही तारीख धरायला १० ते २० घेतो, आठ दिवस आधी माल भरायला ५० पर्यंत, उरलेले जेवणं झाल्यावर. त्याला सरळ विचारा की एवढे आधी कशाला लागतात. काही वेळा खरं कारण असतं, लहान केटररकडे माल भरायला भांडवल नसतं. तसं असेल तर किराणा तुम्ही तुमच्या दुकानातून भरून द्या आणि त्याला फक्त मजुरीचा दर ठरवून द्या, खानदेशात ही पद्धत चालते. वांगी, बट्टीचं पीठ, तूप तुमच्या डोळ्यांसमोर येईल. तो याला तयार झाला तर बिनधास्त द्या काम. आणि कारणच सांगता येत नसेल तर अजून वेळ आहे, दुसरा बघा.